कांबळेबाईंचं वाचन

निपाणीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत दोन वर्गांमधली भिंत विटांची नव्हती, फळ्यांची होती. गॅदरिंगला त्या फळ्या काढल्या की मोठा हॉल व्हायचा. एरवी अलीकडे नववी ‘अ’, पलीकडे नववी ‘ब’. अलीकडे मी मराठी शिकवायची, पलीकडे कांबळेबाई. फळ्यांना फटी होत्या. त्या फटींतून कांबळेबाईंचा वाचण्याचा आवाज यायला लागला की माझ्या वर्गातल्या मुलींच्या माना हळूहळू तिकडे वळत. मी टेबलावर डस्टर आपटायची, एकेकीचं नाव घेऊन उभं करायची. माना परत यायच्या. कान काही यायचे नाहीत.

मी कांबळेबाईंचा मत्सर केला. एक-दोन दिवस नाही, बारा-तेरा वर्षं, अगदी नेमानं केला. त्यांच्याविषयी लिहायचं तर हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी मूळची बेळगावची, अनगोळची. वडील वकील, घरात पुस्तकांची दोन कपाटं, त्यामुळे मराठी ही आपल्या घरचीच गोष्ट आहे असा माझा लहानपणापासून समज. लग्न होऊन निपाणीला आले, शाळेत लागले, आणि आठ वर्षं ‘मराठीच्या बाई’ म्हटलं की हेरेकरबाई, म्हणजे मी. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एका जूनमध्ये कांबळेबाई रुजू झाल्या. यमुना कांबळे. उंच, काटकुळ्या, घट्ट अंबाडा, घड्याळ उजव्या हातात. बोलणं कमी. जिना चढताना मध्येच थांबून खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघत उभ्या राहायच्या. आम्ही सगळ्या घाईनं वर जातोय आणि या आपल्या झाड बघतायत. मला ती मिजास वाटायची.

त्यांची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. निपाणीतल्या शेकडो बायका तशा होत्या. दिवसभर चाळण मारायची, नाकातोंडावर पदर बांधायचा, संध्याकाळी शिंकत घरी जायचं. यमुना चौथीत असताना जेवणाच्या सुट्टीत आईची भाकरी घेऊन जायची, आणि भाकरी ज्या पेपरात बांधलेली असे तो पेपर वखारीतल्या बायका तिला वाचायला लावायच्या. शिळा, तेलकट, निम्मा फाटलेला. बातमी फाटली तर बायका म्हणायच्या, “फुडं काय झालं गं?” हे त्यांनीच एकदा मला सांगितलं. “पुढचं नसायचंच. पण त्यांच्या तोंडाकडं बघून थांबायचं कुठं ते कळायचं.” माझ्या घरात दोन कपाटं होती आणि तरी मला ते कळलेलं नव्हतं.

त्या नाटकी वाचत नसत. मी नाटकी वाचायची. दुःखाचा उतारा आला की आवाज कापरा, लढाईचा आला की मोठा. कांबळेबाई डाव्या हातात पुस्तक छातीपासून लांब धरून उभ्या राहायच्या, उजवा हात पाठीमागे, आणि शेजारच्या बाईशी बोलावं तसं वाचायच्या. वाक्य कुठं सोडायचं आणि कुठं जरा धरून ठेवायचं, एवढंच करायच्या. एखादी मुलगी ओळीखाली बोट फिरवत वाचायला लागली की म्हणायच्या, “बोट काढ. डोळं दिल्यात न्हवं देवानं?” वर्गात एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून असं आलं की मुली खूश व्हायच्या. मी एकदा घरी आरशासमोर उभी राहून त्यांच्यासारखं वाचून पाहिलं. आतून आमच्या यजमानांनी विचारलं, “कोण आलंय गं?” त्या दिवशी क्षणभर आनंद झाला, आणि नंतर स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी आठ दिवस कांबळेबाईंशी नीट बोलले नाही.

आणखी एक गोष्ट. स्टाफरूममध्ये चहाचे कप होते, कपबशा सारख्याच, एक सोडून. त्या एकाचा कान तुटलेला होता. कांबळेबाई आल्यापासून तो कप रोज त्यांच्याच पुढ्यात यायचा. शिपाई ठेवायचा, पण त्याला कुणी सांगितलं होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाही ठाऊक नव्हतं. मी बघत होते. बोलले नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी घरून स्टीलचा पेला आणला आणि त्यातून चहा घ्यायला सुरुवात केली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. त्या चेहऱ्याचाही मला हेवा वाटला. माझ्या पुढ्यात तो कप आला असता तर मी शाळा डोक्यावर घेतली असती.

एकदा तपासणीला चिक्कोडीहून साहेब आले. कन्नड माणूस, मराठी कळायचं पण बेताचंच. माझ्या तासाला उभ्या उभ्या आले, वही चाळली, “गुड, गुड” म्हणाले आणि गेले. पलीकडच्या तासाला मागच्या बाकावर बसले ते घंटा होईपर्यंत उठलेच नाहीत. जाताना मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना म्हणाले, “मला सगळं समजलं नाही. पण ऐकत बसलो.” मोठ्या बाईंनी हे सगळ्या स्टाफसमोर सांगितलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, जोरात वाजवल्या. साहेबांशी कांबळेबाई कन्नडमध्येच बोलल्या होत्या. नोकरीसाठी कन्नडची परीक्षा द्यावी लागे. त्यांनी रोज रात्री पाटीवर अक्षरं गिरवून ती पहिल्या फटक्यात दिली होती. मी दोनदा नापास होते.

पुढं सात-आठ वर्षं अशीच गेली. मोठ्या बाई निवृत्त व्हायला आल्या आणि त्यांच्या जागी कोण, याची कुजबुज सुरू झाली. नोकरीनं मी जुनी. पण संस्थेच्या मंडळींच्या तोंडी कांबळेबाईंचं नाव होतं.

त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी, एका सोमवारी सकाळी प्रार्थनेनंतर पेपरातल्या ठळक बातम्या वाचायची पाळी कांबळेबाईंची होती. त्यांनी पेपर उघडला. बघत राहिल्या. उलटा करून बघितला, परत सुलटा केला. मुलींमध्ये चुळबुळ सुरू झाली. मग त्यांनी पेपराची घडी घातली आणि वर बघून, काहीच झालं नाही अशा थाटात, एका गावच्या विहिरीची गोष्ट सांगितली. मुलींना वाटलं, आज बातम्यांऐवजी गोष्ट. खाली उतरताना त्या माझ्यावर आदळल्या. मी त्यांच्या उजवीकडे उभी होते. “दिसलाच न्हाई तुम्ही,” त्या म्हणाल्या. एवढी मोठी मी, हातभर अंतरावर. मला वाटलं, मुद्दाम.

तिसऱ्या तासाला पलीकडून आवाजच येईना. वाचन नाही, बोलणं नाही, फक्त खडूचा आवाज. मी मुलींना लिहायला देऊन बाहेर आले आणि त्यांच्या दारात थांबले. कांबळेबाई फळ्यावर उतारा लिहीत होत्या. अक्षर नेहमीसारखं, ओळीत, मोत्यासारखं. आठ-दहा ओळी लिहून त्या मुलींकडे वळल्या. एक मुलगी उठली. “बाई, दुसऱ्या ओळीतला तिसरा शब्द कुठला? लागत नाही.”

कांबळेबाईंनी फळ्याकडे बघितलं. स्वतः दोन मिनिटांपूर्वी लिहिलेल्या ओळीकडे. जवळ गेल्या, लांब आल्या. खडू धरलेला हात हळूहळू खाली आला.

“कुणी लिहिलंय हे?” त्यांनी विचारलं.

मुली हसल्या. त्यांना वाटलं बाई गंमत करतायत. मला दारातून त्यांचा चेहरा दिसत होता. ती गंमत नव्हती.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिलं नाही तर बाकी सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं. ते पुरतं अर्धं मिनिटही टिकलं नसेल, पण होतं.

मोठ्या बाईंनी त्यांना घरी पाठवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नजर उत्तम आहे, थोडा नंबर आहे, चष्मा करून घ्या. चष्मा आला. त्यातूनही अक्षरं तशीच. बोलणं स्वच्छ, चालणं स्वच्छ, हातानं लिहिताही येतंय आणि वाचता मात्र येत नाही, हे कुणाच्या गळी उतरेना. मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. “तुम्ही पाहिलंत ना त्या दिवशी? काय वाटतं तुम्हाला?”

मी म्हणाले, “लिहिता येतं त्याला वाचता कसं येणार नाही? मला वाटतं, बाईंच्या मनात वाचायचं नाहीय.”

एवढंच बोलले. पण ते वाक्य ऑफिसातून संस्थेत गेलं, संस्थेतून गावात. काम टाळतायत, रजा पाहिजे, मुख्याध्यापिकेची जागा आधी पक्की करून पाहिजे म्हणून अडून बसल्यात, असं ज्याला जे सुचेल ते जोडलं गेलं. आठ दिवस त्या घरात बसून होत्या. नवव्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ आनंदा शाळेत आला. पोस्टात कारकून होता, मवाळ मुलगा. “आक्काला बेळगावला मोठ्या डॉक्टरकडं नेतोय,” तो म्हणाला. “शाळेतलं कुणीतरी संगट यावं. काय झालं, कसं झालं, ते आम्हांस्नी सांगता येईना.” पाहिलेलं होतं मी. मोठ्या बाईंनी मला पाठवलं.

एस.टी.त आम्ही चौघं होतो. कांबळेबाई, आनंदा, त्यांची आई आणि मी. आई माझ्या शेजारी बसली होती. बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली. संकेश्वरपर्यंत ती लेकीकडेच बघत होती. मग म्हणाली, “तुम्ही लई चांगल्या हायसा बाई. कोण येतंय दुसऱ्यासाठी?” मी खिडकीबाहेर बघत राहिले.

बेळगावचे डॉक्टर चाळिशीचे होते, घाई नसलेले. त्यांनी डोळ्यांकडे बघायच्या आधी छातीला नळी लावली आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. “लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे?”

“व्हय,” आईच बोलली. “गुडघं असं व्हायचं भोपळ्यावानी. शेकायची मी.”

“जिना चढताना दम लागतो?”

“लागतो,” कांबळेबाई म्हणाल्या. “मधी थांबायला लागतं.”

मला चिंचेचं झाड आठवलं आणि मी मान खाली घातली.

मग डॉक्टरांनी त्यांना एक कागद दिला आणि मनाला येईल ते लिहायला सांगितलं. त्यांनी भराभर लिहिलं. डॉक्टरांनी कागद काढून घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि थोड्या वेळानं तोच कागद पुढं धरला. कांबळेबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. “अक्षर हाय, एवढं कळतंय. काय हाय ते न्हाय कळत.” डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि त्यांच्या तळहातावर बोटानं काहीतरी काढलं. “क,” त्या लगेच म्हणाल्या. आणखी एक. “म.” आणखी एक. “ळ. कमळ!” डोळे उघडले तर डोळ्यांत पाणी. त्या सोमवारनंतर वाचलेला पहिला शब्द. डॉक्टरांनी लाल पेन पुढं धरलं. “रंग कुठला?” त्यांना सांगता येईना. “कुंकवाचा असतो तसला,” एवढं म्हणाल्या. नाव येईना. उजवीकडून हात आणला तर दिसेना, डावीकडून आणला तर दिसे.

डॉक्टर उठून आत गेले आणि आणखी दोन डॉक्टरांना घेऊन आले. परत सगळं करून दाखवायला लावलं. “मी हे पुस्तकात वाचलेलं,” ते म्हणत होते, “पेशंट पहिल्यांदाच बघतोय.” तिघंही आदबीनं बोलत होते. कांबळेबाईंना बसायला गादीची खुर्ची दिली. माझ्या पाठीत दहा वर्षं उसण भरत होती. तिच्यासाठी कुणी कधी आतून कुणाला बोलावलं नव्हतं. तिथं, त्या दवाखान्यात, त्या बाईच्या आजाराचासुद्धा मला हेवा वाटला. आजार झाला तोही असा, दुर्मीळ.

पुण्याला डोक्याचा फोटो काढायचं नवं यंत्र आलेलं होतं. आनंदा त्यांना घेऊन गेला. फिल्म घेऊन आम्ही परत बेळगावला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ती पांढऱ्या दिव्यावर लावली. एका डोक्याचे आडवे काप, ओळीनं मांडलेले. सगळीकडे राखाडी आणि एका ठिकाणी, मागच्या बाजूला डावीकडे, काळसर डाग. सुपारीएवढा.

“हृदयाची एक झडप लहानपणच्या तापानं अरुंद झालीय,” डॉक्टर म्हणाले. “तिथं रक्त साकळतं. त्याची बारीक गुठळी सुटून वर गेली आणि इथली शीर बंद झाली. पक्षाघातच हा, पण हातापायाचा नाही. मेंदूच्या डाव्या बाजूचा बघायचा भाग गेलाय, म्हणून उजवीकडचं दिसत नाही. मेंदूची उजवी बाजू बघते. पण बघितलेलं अक्षर भाषेच्या भागाकडे जायची वाट इथं, या डागात, तुटलीय. भाषा शाबूत, म्हणून बोलता येतं, लिहिता येतं. फक्त डोळ्यांकडून तिथं काही पोचत नाही.”

आई इतका वेळ दाराशी उभी होती. तिला यातलं काय कळलं कोण जाणे. ती पुढं आली आणि हात जोडून म्हणाली, “डाक्टर, माझी लेक वाचंल न्हवं?”

डॉक्टर फिल्मकडेच बघत होते. “ते आज सांगता येणार नाही, आजी. कदाचित वाचणार नाहीत. मनाची तयारी ठेवा.”

म्हातारी जागच्या जागी खाली बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की बाहेरचे पेशंट धावत आले. कांबळेबाई खुर्चीतून उठल्या, आईला दोन्ही खांद्यांना धरलं. “आये, अगं मी मरत न्हाय! पुस्तक, पुस्तक वाचायचं म्हणत्यात ते!”

“पुस्तक?” म्हातारी रडता रडता थांबली. “पुस्तक मरू दे की मग. मला कुठं येतंय वाचाय?”

डॉक्टर ओशाळून हसले. आनंदा हसला. कांबळेबाई हसल्या नाहीत. त्या आईचे डोळे पुसत राहिल्या.

बाहेर पडताना मी मागं राहून डॉक्टरांना विचारलं, “आठ दिवस आधी आलो असतो तर?”

“गेलेलं परत आलं नसतं बहुतेक,” ते म्हणाले. “पण रक्त पातळ करायच्या गोळ्या तेव्हाच सुरू झाल्या असत्या. त्या आठ दिवसांत दुसरी गुठळी सुटली असती तर आज आपण बोलत नसतो. नशीब म्हणायचं.”

दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, रोजच्या गोळ्या आणि सहा महिन्यांची रजा. मी गुरुवारी आणि रविवारी दुपारी त्यांच्या घरी जायला लागले. वाचून दाखवायला. शाळेत सगळ्या म्हणाल्या, हेरेकरबाईंचं मन मोठं. खरी कारणं दोन होती. एक ते आठ दिवस. दुसरं म्हणजे, आता मी वाचणार होते आणि त्या ऐकणार होत्या.

तेही सुख मिळालं नाही. पहिल्याच गुरुवारी मी दोन परिच्छेद वाचले आणि त्या म्हणाल्या, “तिथं थांबू नका. पुढच्या शब्दावर थांबा.” मी परत वाचलं. “आवाज चढवू नका. लेखकानं न्हाय चढवलेला.” अक्षर ओळखता न येणारी बाई भिंतीला टेकून, डोळे मिटून माझं वाचन दुरुस्त करत होती. मी चिडून घरी जायची आणि रविवारी परत जायची.

त्यांचा स्वतःचा अभ्यास वेगळाच चालू होता. आईनं पितळेच्या ताटात बारीक रेती पसरून दिली होती. आनंदा तिच्यावर अक्षर काढायचा, त्या त्यावरून बोट फिरवायच्या, मग नाव यायचं. मग छापील अक्षरावर बोट. मग बोट पदराखाली आणि डोळे अक्षरावर. डोळ्यांनी बघायचं, बोटानं मांडीवर तेच काढायचं, बोट सांगेल ते तोंडानं म्हणायचं. एका शब्दाला पाव मिनिट. जोडाक्षर आलं की घाम फुटायचा. “वर्गात पोरींस्नी म्हणायची, बोट काढ,” त्या एकदा म्हणाल्या. “आता बोटाबिगर माझं पान हलत न्हाय.” स्वतःशीच चुकचुकल्या आणि पुढचं अक्षर गिरवायला लागल्या.

तिसऱ्या महिन्यात इंजेक्शनसाठी त्यांना घेऊन स्टँडवरून जात होते. मोटारींच्या पाट्या बघत त्या थांबल्या. पदराखाली बोट हलत होतं. “हुक्केरी,” त्या म्हणाल्या. मी पाटी बघितली. कन्नड पाटी. पुढची, “गोकाक.” तीही कन्नड. मराठी अजून एकेक अक्षर अडखळत येत होतं आणि कन्नड आधी आलं होतं. डॉक्टरांनी नंतर त्याचं कारण सांगितलं ते असं की कन्नड त्यांनी मोठेपणी हातानं गिरवून गिरवून घेतलेलं, म्हणून हाताला ते जास्त ठाऊक असावं. त्या क्षणी मात्र मला कारण सुचत नव्हतं. मेंदूला भोक पडलेली बाई कन्नड पाट्या वाचत होती आणि मी, धडधाकट, तिसऱ्यांदा त्या परीक्षेला बसायचा फॉर्म पर्समध्ये घालून तिच्या शेजारी उभी होते.

त्याच दिवशी परतताना मी बोलून टाकलं. “त्या वेळी मोठ्या बाईंना मी सांगितलं होतं, की तुम्हाला वाचायचं नाहीय.”

“ठाऊक हाय मला,” त्या चालतच म्हणाल्या. “आनंदाला ऑफिसात कळलंतं.”

“मग मला घरात कसं येऊ दिलंत?”

“वाचून दाखवायला कुणीतरी पायजेच होतं.” थोडं चालून परत म्हणाल्या, “आमच्या गल्लीतल्या पोरी वाचताना श आणि स एकच करत्यात.”

मी वाट बघत होते. माफ केलं, असं काहीतरी येईल. आलं नाही. त्या रिक्षा बघायला लागल्या.

रजा संपली तेव्हा संस्थेनं ठरवलं की बाईंनी मंडळींसमोर एक उतारा वाचून दाखवावा, मग रुजू व्हावं. उतारा निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी विचार करून नववीच्या पुस्तकातला असा धडा काढला जो त्यांनी दहा वर्षं शिकवला होता, जो त्यांना तोंडपाठ होता. पहिले दोन शब्द लागले की पुढं पुस्तकाची गरजच नव्हती. आयुष्यात त्यांच्यासाठी मी केलेली ती पहिली चांगली गोष्ट.

ऑफिसात पाच माणसं बसली होती. कांबळेबाईंनी पुस्तक घेतलं, डाव्या हातात, छातीपासून लांब. उजवा हात पदराखाली. पहिला शब्द काढला, दुसरा काढला, आणि पुस्तक मिटलं.

“हा मला पाठ आहे,” त्या म्हणाल्या. “दुसरं काहीतरी द्या.”

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. टेबलावर त्या दिवशीचा पेपर होता. एका सभासदानं तो पुढं केला. मग कांबळेबाईंनी वाचायला सुरुवात केली. एक अक्षर. थांबणं. दुसरं अक्षर. कुठल्यातरी धरणाच्या पाण्याची बातमी होती. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. अध्यक्ष एकदा खाकरले, एक जण चष्मा पुसत बसला. अर्ध्यात कुणीतरी म्हणालं, “पुरे बाई, कळलं.” “संपवते,” त्या म्हणाल्या, आणि शेवटच्या पूर्णविरामापर्यंत गेल्या. त्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ गालावर आला होता. पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात पेपर होता आणि दुसरा वाचत होता.

त्यांना परत घेतलं. धडे मुलींनी वाचायचे, बाईंनी शिकवायचं, असं ठरलं. मला वाटलं, चला, आता फळ्यांच्या पलीकडून काही येणार नाही. आणि झालं भलतंच. ज्या मुलींना वर्गात कुणी कधी वाचायला उभं करत नसे, अडखळणाऱ्या, तोतऱ्या, वखारीतल्या बायकांच्या लेकी, त्या आता रोज उभ्या राहून वाचायच्या. बाई घाई करत नसत. करूच शकत नव्हत्या. मुलीच्या बरोबरीनं त्यांचंही बोट पदराखाली अक्षर अक्षर चाललेलं असायचं. वर्षअखेरीला नववी ‘ब’ची एक मुलगी वाचनात तालुक्यात पहिली आली. माझ्या वर्गातल्या दोघींच्या आया माझ्याकडे आल्या, “पोरीस्नी ‘ब’मध्ये घाला की बाई.”

मुख्याध्यापिका मी झाले. फायली, परिपत्रकं, इकडून आलेलं वाचायचं, सही करून तिकडं धाडायचं, ते काम कांबळेबाईंनी स्वतःच नाकारलं. त्या मला येऊन म्हणाल्या, “तुम्ही व्हा. तुम्ही भराभर वाचता.” मी कितीतरी वेळा या वाक्याचा विचार केला आहे. त्यात टोमणा होता की नव्हता, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या यजमानांच्या प्रकृतीसाठी मी नोकरी सोडून बेळगावला परतले. त्यानंतर वर्षभरात आनंदाचं कार्ड आलं. आक्का शाळेतून घरी आली, पाणी मागितलं आणि गेली. झडपेचं ऑपरेशन मुंबईला करायचं ठरत होतं, ते राहून गेलं. मी निपाणीला गेले नाही. काय तोंड घेऊन जायचं, असं नव्हे. गेले असते तर सगळ्या मुली रडताना बघाव्या लागल्या असत्या.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मी निपाणी सोडली त्या दिवशी. निरोप-समारंभ आदल्या दिवशीच झाला होता. सामान पुढं गेलं होतं, मी एकटीच दुपारच्या बेळगाव गाडीत खिडकीशी बसले होते. कंडक्टर आलेला नव्हता. समोर स्टँडच्या बाकावर कांबळेबाई बसल्या होत्या. पोस्टात आनंदाकडे जाऊन आल्या असाव्यात, कारण हातात निळं इनलँड होतं. नुकतंच फोडलेलं, कडा फाटलेल्या. त्या वाचत होत्या. आजूबाजूला हमाल, केळीवाले, गाड्यांचे हॉर्न, धूर. एक म्हैस त्यांच्या पायाजवळून गेली, त्यांनी पाय घेतला पण मान वर केली नाही. पदराखाली बोट हलत होतं. एका ओळीवर त्या थांबल्या, मागं गेल्या, परत तीच ओळ काढली, आणि हसल्या. अशा हसलेल्या मी त्यांना एवढ्या वर्षांत पाहिल्या नव्हत्या. मग त्यांनी पत्र फिरवून कडेचा तो अरुंद भाग वर केला, जिथं लोक जागा संपल्यावर उरलेलं दाटीवाटीनं लिहितात, आणि तोही वाचायला घेतला.

मी हाक मारू शकले असते. हात बाहेर काढला असता तरी चाललं असतं. कंडक्टर आला, घंटी वाजली, गाडी हलली. कुणाचं पत्र होतं, कुणास ठाऊक. मी जन्मभर पत्रं लिहिली, सुंदर अक्षरात, शुद्ध मराठीत. ती कुणी अशी वाचली असतील? वळणावर गाडी वळेपर्यंत मी मान वाकडी करून बघत होते, आणि त्या अजून त्याच कडेवर होत्या.